लाईट वाढवू नकोस, भिंत दाखव

प्रश्न: युनिटी या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये छोटा पझल गेम करतोय, इतके लाईट टाकले तरी लेव्हल सपाटच दिसते. आर्किटेक्चरमधून काही ढापता येईल का?

उत्तर: मित्रा, आधी एक सोडून सगळे लाईट काढ बघू! जपानमध्ये ओसाकाजवळ आर्किटेक्ट तादाओ आंदोचं चर्च ऑफ द लाईट आहे, १९८९चं, नुसता काँक्रीटचा अंधारा डबा आणि समोरच्या भिंतीत क्रॉसच्या आकाराची आरपार फट, बस, नजर आपोआप तिकडेच जाते, मग दरवाजावर बाण कशाला रंगवायचे? अँबियंट (सगळीकडे सारखा पसरणारा उजेड) अगदी कमी ठेव आणि लाईट बेक करताना, म्हणजे उजेड आधीच मोजून साठवताना, बाउन्स (भिंतींवरून परतणारा उजेड) चालू ठेव, म्हणजे फटीशेजारची भिंत हलकीशी उजळते. प्रकाशातून कला करणाऱ्या जेम्स टरेलचं नेमकं उलटं, त्याच्या गान्झफेल्ड खोल्यांत कोपरेच दिसत नाहीत, रंग सगळीकडे सारखा, भिंत किती लांब तेच कळत नाही. पझलसाठी भारीच, पण प्लेअरला तिथे फार वेळ अडकवू नकोस, गरगरेल त्याला.