पिल्लू आईबापांजवळ किती दिवस राहतं?

घरट्यातून उडालं की पिल्लू स्वतंत्र झालं, असं धरून चालू नका. चिमणीचं पिल्लू साधारण 15 दिवसांत घरटं सोडतं खरं, पण पुढचा आठवडा-दोन आठवडे आईबापच भरवतात. मादी पुढच्या विणीला लागली तर बहुतेक भार बापावर! ओळखायचं कसं? शेपूट आखूड, चोचीच्या कोपऱ्यांना पिवळी कड, आणि मोठा पक्षी जवळ आला की पंख थरथरवत, चोच वासून कलकलाट. असं पिल्लू जमिनीवर दिसलं तर कृपा करून घरी आणू नका. लांब उभं राहून बघा, बहुधा पालक चारा घेऊन येतात. मांजर फिरत असेल तर उचलून जवळच्या झुडपात ठेवा, बस्स. माणसाचा हात लागला की पालक पिल्लाला टाकतात ही निव्वळ अफवा आहे.

सगळ्यांना एकच हिशोब मात्र लावू नका. टिटवीची पिल्लं जन्मल्यावर काही तासांतच पळतात, किडे स्वतःच टिपतात. पालक फक्त राखण करतात. सारसाचं पिल्लू उलट महिनोन् महिने, बऱ्याचदा पुढच्या विणीपर्यंत सोबत हिंडतं. तीन सारस एकत्र दिसले तर तिसऱ्याच्या डोक्यावर लाल कातडीऐवजी बदामी पिसं आहेत का, ते दुर्बिणीतून बघा.