भीती जात नाही, मग माझा विश्वास खोटा आहे का?

ख्रिस्ती कुटुंबांसोबत समुपदेशनाचे काम करताना एक प्रश्न निरनिराळ्या शब्दांत सतत समोर येतो: “मी प्रार्थना करतो, सगळे प्रभूच्या हाती सोपवतो, पण मनातली धास्ती तशीच राहते. मग माझा विश्वास खरा आहे, की नुसता तोंडदेखला?” पुढील अनुभव असाच प्रश्न घेऊन आलेल्या एका वडिलांचा आहे. त्यांच्या संमतीने, ओळख पटेल असे तपशील बदलून तो मांडत आहे.

त्यांचा तरुण मुलगा व्यसनमुक्तीचे उपचार पूर्ण करून घरी परतला होता. हे वडील चर्चच्या मंडळीत जबाबदारीचे काम पाहणारे, रोज पहाटे गुडघे टेकून मुलाला देवाच्या स्वाधीन करणारे. आणि रात्री मुलगा झोपला की त्याच्या बॅगेचा कप्पा न् कप्पा चाचपणारे. खिसे उलटे करायचे, पाकिटातल्या नोटा मोजायच्या, शर्टाचा वास घ्यायचा आणि सगळे होते तसे ठेवून द्यायचे. हाती काही लागत नसे, तरीही त्यांना झोप येत नसे, कारण काही सापडले नाही म्हणजे ते फार हुशारीने लपवले असणार, असेच त्यांना वाटे. “भीती गेली की हे आपोआप थांबेल, त्यासाठीच तर प्रार्थना करतो आहे,” असे ते म्हणाले.

माझ्या मते अडचण नेमकी इथे होती. आधी मन शांत व्हावे आणि मग विश्वासाने वागावे, असा क्रम त्यांनी धरून ठेवला होता. बायबलमधील याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय त्यांना जवळजवळ पाठ होता. क्रियांवाचून विश्वास निर्जीव आहे, हे ते इतरांना समजावूनही सांगत. परंतु क्रिया म्हणजे दानधर्म, आजाऱ्यांची विचारपूस आणि मंडळीची सेवा, एवढेच त्यांनी गृहीत धरले होते. रात्री त्या बॅगेला हात न लावणे हीदेखील विश्वासाची क्रिया असू शकते, हे त्यांच्या ध्यानी आले नव्हते.

म्हणून आम्ही बायबलमधील यिर्मया या संदेष्ट्याच्या पुस्तकाचा 32वा अध्याय वाचला. बाबेलच्या सैन्याने यरुशलेमेला वेढा घातलेला आहे, नगर पडणार हे सांगितल्याबद्दल यिर्मया अटकेत आहे, आणि अशा वेळी देवाच्या सांगण्यावरून तो अनाथोथ येथील शेत आपल्या चुलतभावाकडून 17 शेकेल रुपे तोलून देऊन विकत घेतो. खरेदीखत होते, साक्षीदार सह्या करतात, आणि ते खत पुष्कळ दिवस टिकावे म्हणून मातीच्या पात्रात ठेवायला तो आपला लेखनिक बारूख याला सांगतो. इथवरचा प्रसंग अनेकांना ठाऊक असतो. त्यानंतरच्या प्रार्थनेकडे मात्र फारसे लक्ष जात नाही. नगर शत्रूच्या हाती गेल्यात जमा आहे आणि तू मला शेत घ्यायला सांगतोस, अशा चक्रावलेल्या मनःस्थितीत ती संपते. व्यवहार पुरा झाला होता, मन मात्र निवलेले नव्हते. “म्हणजे घाबरत घाबरत केलेले चालते?” त्यांनी विचारले. चालते, असे मी म्हणाले.

अर्थात विश्वासाच्या नावाखाली बेपर्वाई करणारी कुटुंबेही मी पाहिली आहेत, आणि त्यांच्याबद्दल मला जास्त काळजी वाटते. सैतानाने मंदिराच्या शिरोभागावरून उडी टाकण्याचे सुचवले, तेव्हा देवाची परीक्षा पाहू नये हेच वचन येशूने पुढे केले होते. त्यामुळे औषधे, डॉक्टरांच्या भेटी, सहायता गटाच्या बैठका आणि घरच्या पैशांचे व्यवहार मुलाच्या हाती न देणे, हे सगळे त्याच्याशी उघडपणे बोलून कायम ठेवले. थांबवायची होती ती फक्त चोरून होणारी झडती, आणि ती आजवर होत होती हे वडिलांनी मुलाला स्वतः सांगायचे होते.

मुलाला ते आधीच माहीत होते. बॅगेची चेन तो नेहमी डावीकडे बंद करी आणि सकाळी ती उजवीकडे असे.

सुरुवातीच्या रात्री वडिलांची भीती वाढली. हे अपेक्षितच असते: तपासणीने तेवढ्यापुरते हायसे वाटते, पण त्यामुळेच तपासण्याची सवय घट्ट होते, आणि ती सोडताना अस्वस्थता आधी चढते, मग हळूहळू उतरते. त्या घटकेसाठी मी त्यांना मार्कच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायातील, पीडित मुलाला येशूकडे आणणाऱ्या बापाची आठवण दिली. विश्वास आहे आणि अविश्वासही आहे, असे त्याने एका दमात कबूल केले, आणि आधी विश्वास वाढवून ये असे सांगून येशूने त्याला परत पाठवले नाही.

पुढे मुलाचा पाय एकदा घसरला. वडील संतापून आले आणि विश्वास ठेवून काय मिळाले, असे विचारू लागले. मी त्यांना सांगितले, की बरे होण्याच्या वाटेवर असे घडणे दुर्मीळ नाही, आणि त्यांनी भरवसा देवावर ठेवला होता, मुलाच्या हातून चूक होणारच नाही या हमीवर नव्हे. शिवाय पूर्वी महिनोन्‌महिने लपवणाऱ्या मुलाने या वेळी दुसऱ्याच दिवशी सकाळी स्वतःहून सांगितले होते. त्याच आठवड्यात दोघे मिळून डॉक्टरांकडे गेले. पैशांचे व्यवहार अजूनही वडीलच पाहतात, आणि ही व्यवस्था बदलण्याची घाई दोघांनाही नाही.