ताप फॅरनहाइटमध्ये, ऊन सेल्सिअसमध्ये

प्रश्न : मुलासाठी नवा डिजिटल थर्मामीटर आणला. तो ३८.४ दाखवतो. आम्हाला शंभर, एकशे एक असे ताप कळतात. सूत्र शोधून मोबाइलवर आकडेमोड केली तर भलतेच उत्तर येते. (सातारा)

उत्तर : ३८.४ सेल्सिअस म्हणजे १०१.१ फॅरनहाइट. ही नुसती कसर नाही, ताप आहे. थर्मामीटर बिघडलेला नाही, तो सेल्सिअसवर लावलेला आहे. बऱ्याच थर्मामीटरमध्ये बटण काही सेकंद दाबून धरले की एकक बदलते. प्रत्येक कंपनीची रीत वेगळी, म्हणून खोक्यातला कागद पाहा. काहींत ही सोय नसतेच. तेव्हा तोंडी हिशेब येत असलेला बरा.

सेल्सिअसचा आकडा दुप्पट करा, त्या दुपटीतून तिचाच दहावा भाग काढा, मग ३२ मिळवा. ३८.४ ची दुप्पट ७६.८. त्यातून ७.६८ गेले, राहिले ६९.१२. त्यात ३२ मिळवले की १०१.१२. हे अंदाजी नाही, अचूक उत्तर आहे.

उलट जाताना मात्र पुष्कळ जण चुकतात. आधी ३२ वजा करायचे, मग निम्मे करायचे आणि त्या निम्म्यात त्याचा नववा भाग मिळवायचा, दहावा नाही. दहातून एक काढला की नऊ उरतात. त्यांचे पुन्हा दहा करायचे तर नवाचा नववा भागच घालावा लागतो. १०४ ताप घ्या : ३२ वजा जाता ७२, निम्मे ३६, त्याचा नववा भाग ४, एकूण ४०.

आता मोबाइलचे. १०२ फॅरनहाइटचे सेल्सिअस करायला सूत्रातले १०२ − ३२ × ५ ÷ ९ असे सलग दाबले की मोबाइल गणिताच्या नियमाप्रमाणे गुणाकार-भागाकार आधी करतो आणि ८४.२ दाखवतो. दुकानातल्या साध्या कॅल्क्युलेटरवर हीच बटणे दाबली तर ३८.९ येते, कारण तो दाबलेल्या क्रमाने करत जातो. म्हणून मोबाइलवर १०२ − ३२ झाल्यावर बरोबरचे चिन्ह दाबा आणि मगच पुढे जा.

आणखी एक. ९८.६ या आकड्यातल्या त्या दशांशाचा फार धसका घेऊ नका. जर्मन डॉक्टर वुंडरलिख यांनी १८६८ मध्ये निरोगी शरीराचे तापमान सुमारे ३७ सेल्सिअस सांगितले. त्या गोल आकड्याचे रूपांतर केल्यावर ९८.६ आले. मूळ मापात नसलेली बारकाई रूपांतराने आली, एवढेच. निरोगी माणसाचे तापमानही दिवसभरात थोडे वर-खाली होत असते. साधारणपणे ३८ सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट आणि त्यावरच्या आकड्याला ताप म्हणतात.

प्रश्न : हवामान खात्याच्या बातमीत 'कमाल तापमान सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी अधिक' असे होते. अमेरिकेतल्या मुलीला समजावे म्हणून मी ते फॅरनहाइटमध्ये केले, तर ४०.१ आले. सरासरीपेक्षा चाळीस अंश अधिक कसे असेल? (अकोला)

उत्तर : नाहीच. उत्तर ८.१ फॅरनहाइट आहे. तुमच्या मनात शंका आली हे फार चांगले झाले, कारण ही चूक छापील मजकुरातही सापडते.

तापमान सांगणे आणि तापमानातला फरक सांगणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्ही मापांत शून्य वेगळ्या जागी आहे आणि अंशाची लांबीही वेगळी आहे. ३२ मिळवतो ते शून्याची जागा जुळवण्यासाठी, १.८ ने गुणतो ते अंशाची लांबी जुळवण्यासाठी. फरक काढताना शून्य कुठे आहे याला काही अर्थच राहत नाही, म्हणून तिथे फक्त गुणायचे. ४.५ × १.८ = ८.१. मैदानी भागात तापमान ४० सेल्सिअसला पोचले आणि सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंश जास्त असले की खाते उष्णतेची लाट धरते. या वाक्यातले ४० हे तापमान, त्याचे होतात १०४, पण ४.५ आणि ६.४ हे फरक, त्यांचे ८.१ आणि ११.५. एकाच वाक्यात दोन रीती लागतात. पॅरिस हवामान करारातले जागतिक तापमानवाढीचे १.५ अंशसुद्धा फरकच आहेत : २.७ फॅरनहाइट, ३४.७ नव्हे.

घरातही हे नडते. काखेतला ताप मोजून 'एक अंश मिळवा' असे जुन्या सवयीने सांगतात, तो अंश फॅरनहाइटचा. सेल्सिअसच्या आकड्यात पुरता एक मिळवला तर जवळजवळ दुप्पट भर पडते. त्यापेक्षा काहीच मिळवू नका. दिसतो तो आकडा, त्याचे एकक आणि कुठे मोजला ते डॉक्टरांना सांगा.

प्रश्न : पाणी गोठण्याला ३२ हा विचित्र आकडा का? (डोंबिवली)

उत्तर : फॅरनहाइट यांनी १७२४ मध्ये आपले माप मांडले तेव्हा शून्य पाण्याच्या गोठणबिंदूवर ठेवले नव्हते. बर्फ, पाणी आणि नवसागर (कल्हईवाला वापरतो तोच) यांच्या मिश्रणाला शून्य, बर्फ-पाण्याला ३२ आणि शरीराला ९६ असे त्यांनी धरले. पुढे उकळत्या पाण्याला २१२ पक्के झाले आणि शरीराचा आकडा सरकला. सेल्सिअस यांनी १७४२ मध्ये उकळत्या पाण्याला ० आणि गोठणाऱ्या पाण्याला १०० दिले होते; ते त्यांच्यानंतर उलटे केले गेले.

प्रश्न : २७ अंशांचा वायू त्याच दाबाखाली ५४ अंशांवर नेला तर आकारमान दुप्पट का होत नाही? (अकरावी, लातूर)

उत्तर : सेल्सिअसचे शून्य म्हणजे 'उष्णता नाही' असे नसते, म्हणून ५४ ही २७ ची दुप्पट उष्णता नाही. पटीचा प्रश्न आला की केल्विन हे माप घ्यायचे, त्याचे शून्य म्हणजे ज्याखाली तापमान जाऊच शकत नाही ती जागा : सेल्सिअसमध्ये २७३.१५ मिळवा, परीक्षेत २७३ चालते. ३०० चे ३२७ झाले, म्हणजे आकारमान फक्त ९ टक्क्यांनी वाढले. दुप्पट हवे तर ६०० केल्विन, म्हणजे ३२७ सेल्सिअस लागेल. केल्विनपुढे अंशाचे चिन्ह काढू नका. १९६७ पासून ते काढत नाहीत.

प्रश्न : अमेरिकन कृतीत ओव्हन ३५० वर ठेवा म्हटले आहे. माझ्या ओव्हनचे बटण २५० च्या पुढे जात नाही. (म्हापसा)

उत्तर : ते ३५० फॅरनहाइट आहेत, म्हणजे १७७ सेल्सिअस. बटण १७५ ते १८० च्या दरम्यान ठेवा. शेवटपर्यंत फिरवून २५० वर ठेवलात तर केक वरून करपेल आणि मधून कच्चा राहील. ३२५ साठी १६३, ४०० साठी २०४, ४२५ साठी २१८. इथे दोन-चार अंशांनी बिघडत नाही, कारण छोट्या ओव्हनच्या बटणावरचा आकडा आणि आतले तापमान यांतच त्याहून जास्त तफावत असू शकते. ओव्हनचा थर्मामीटर मधल्या जाळीवर ठेवून ती एकदा मोजून घ्या. आतला पंखा लावणार असाल तर आलेल्या आकड्यातून साधारण २० सेल्सिअस कमी करा.