रेल्समध्ये बिल, ऑर्डर आणि ग्राहक तिघांसाठी एकच 'नोट्स' टेबल: पॉलिमॉर्फिक ठेवावं का?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या रेल्स (रुबी भाषेत वेब ॲप बनवायची चौकट) ॲपच्या 'नोट' मॉडेलमध्ये 'बिलाँग्स_टू :नोटेबल, पॉलिमॉर्फिक: ट्रू' आहे (म्हणजे 'नोटेबल_टाइप' आणि 'नोटेबल_आयडी' या दोन कॉलमांनी कोणत्याही टेबलातल्या ओळीकडे बोट दाखवणारं नातं), बिल, ऑर्डर आणि ग्राहक या तिघांना टिपा जोडल्यात, यादी दाखवताना 'ईगर_लोड' केलं की एरर येते, आणि ही रचना पुढे टिकेल का अशी शंका आहे.

एररचं लगेच सांगतो. 'ईगर_लोड' जोडलेल्या ओळी एकाच क्वेरीत, टेबलं जॉइन करून (जोडून) आणतं. इथे जॉइन कोणत्या टेबलाशी करायचा ते प्रत्येक ओळीच्या 'नोटेबल_टाइप'वर ठरतं, म्हणजे क्वेरी रचताना ते माहीतच नसतं. 'प्रीलोड' वापरा: टिपांची एक क्वेरी आणि मग प्रत्येक प्रकाराची एकेक. बिलाच्या तारखेवर फिल्टर हवा असेल तर 'नोट'मध्येच 'बिलाँग्स_टू :बिल' असं वेगळं नातं लिहा, 'फॉरेन_की' म्हणून 'नोटेबल_आयडी' द्या, स्कोपमध्ये नोट्स टेबलाचा टाइप 'बिल' अशी अट घाला आणि 'ऑप्शनल: ट्रू' ठेवा. हे नातं फक्त 'जॉइन्स'साठी. थेट 'नोट.बिल' म्हणालात तर त्या क्वेरीत नोट्स टेबल नसतंच आणि डेटाबेस एरर देतो.

आता रचना टिकेल का? पालक (ज्यांना टिपा जोडल्या ती मॉडेल्स) तीनच असतील आणि तिघंही तुमच्याच ॲपमधले असतील, तर पॉलिमॉर्फिक ठेवू नका. इतकं ठाम बोलतोय, कारण अगदी याच रचनेतून बिघडलेला डेटा मी निस्तरला आहे आणि त्यावरचा वाद अजून माझ्या मनातून गेलेला नाही.

ॲप हिशेबाचं, डेटाबेस पोस्टग्रेस. जुन्या टेबलांचे आयडी बिगइंट (मोठे पूर्णांक). पुढे नवीन टेबलं यूयूआयडीने (अंक आणि ए ते एफ अक्षरं मिसळलेल्या लांब आयडीने) करायचं ठरलं आणि बिलांचं टेबल तसं झालं. कोणीतरी बिलाच्या मॉडेलमध्ये 'हॅज_मेनी :नोट्स, ॲज: :नोटेबल' ही एक ओळ टाकली. मायग्रेशन (डेटाबेसची रचना बदलणारी फाइल) नाही, एरर नाही, टेस्ट हिरव्या. पण 'नोटेबल_आयडी' बिगइंटच होता. बिलाचा यूयूआयडी त्या कॉलममध्ये जाताना ॲक्टिव्ह रेकॉर्ड (रेल्सचा डेटाबेसशी बोलणारा भाग) त्याला पूर्णांकात बदलतं, आणि रुबीचं 'टू_आय' सुरुवातीचे अंक घेऊन पहिल्या अक्षराशी थांबतं. '७सी'ने सुरू होणारा आयडी ७ म्हणून साठला. '७ए'ने सुरू होणाराही ७ च. वाचताना तीच काटछाट होते, त्यामुळे एका बिलाच्या टिपा दुसऱ्या बिलाखाली दिसू लागल्या. यूयूआयडीचं पहिलं चिन्ह सोळापैकी सहा वेळा ए ते एफमधलं अक्षर असतं. त्या सगळ्या बिलांच्या टिपांवर ० पडला, म्हणजे टीप कोणत्या बिलाची हे टेबलातून कळायचा मार्गच संपला.

टेस्टमध्ये का सापडलं नाही? टेस्टमध्ये एकच बिल आणि एकच टीप होती. दुसरं बिल असल्याशिवाय गळती दिसत नाही.

दुरुस्ती फक्त लॉगमधून झाली. टीप तयार करणाऱ्या विनंतीच्या पत्त्यात बिलाचा पूर्ण यूयूआयडी असतो. ती वेळ टिपेच्या 'क्रिएटेड_ॲट'शी आणि टीप लिहिणाऱ्याच्या आयडीशी जुळवायची. ज्या दिवसांचे लॉग पुसले गेले होते, त्या दिवसांच्या टिपा परत मिळाल्या नाहीत.

या सगळ्याच्या आधी टीममधल्या एका ज्येष्ठांशी माझा वाद झाला होता. त्यांचं म्हणणं, "फॉरेन की कशाला, सगळे नियम मॉडेलमध्ये आहेत." तिथे साधी फॉरेन की (कॉलममधला आयडी दुसऱ्या टेबलात आहेच हे डेटाबेसनेच तपासायचा नियम) असती तर बिगइंट कॉलमवरून यूयूआयडीकडे बोट दाखवणारी की पोस्टग्रेसने मायग्रेशन चालवतानाच नाकारली असती: दोन्ही कॉलमचे प्रकार जुळत नाहीत, की बनवता येत नाही. एकही चुकीची टीप लिहिली जाण्याआधी हे कळलं असतं. पॉलिमॉर्फिक नात्यावर फॉरेन की टाकताच येत नाही, आणि माझ्या लेखी एवढं कारण पुरेसं आहे.

की नसल्याचे बाकीचे परिणाम हळू दिसतात. कोणी बिल 'डिलीट' किंवा 'डिलीट_ऑल'ने उडवलं की 'डिपेंडंट: :डिस्ट्रॉय' (पालकाबरोबर टिपाही पुसायची सूचना) चालतच नाही आणि टिपा अनाथ राहतात. मायएसक्यूएल ८.० च्या आधीच्या इनोडीबीमध्ये (मायएसक्यूएलचं साठवणीचं इंजिन) तर सर्व्हर पुन्हा सुरू झाला की ऑटो इन्क्रिमेंटचा आकडा टेबलातल्या सर्वांत मोठ्या आयडीवरून पुन्हा ठरायचा. शेवटची ओळ पुसलेली असेल तर तोच आयडी नव्या ओळीला मिळे आणि जुन्या अनाथ टिपा नव्या ग्राहकाला चिकटत. शिवाय 'नोटेबल_टाइप'मध्ये क्लासचं नाव अक्षरशः साठतं. उद्या 'बिल'चं 'इन्व्हॉइस' केलंत तर जुन्या ओळी नसलेल्या क्लासकडे बोट दाखवत राहतील. एसटीआय (अनेक उपक्लास एकाच टेबलात ठेवणं) असेल तर तिथे मूळ क्लासचं नाव जातं, उपक्लासचं नाही. हाताने एसक्यूएल लिहिताना इथे हमखास चूक होते.

मग काय करायचं? नोट्स टेबलात 'बिल_आयडी', 'ऑर्डर_आयडी', 'ग्राहक_आयडी' असे तीन कॉलम, तिन्ही नल चालणारे, तिन्हींवर खरी फॉरेन की, आणि तिघांपैकी नेमका एकच भरलेला असावा असा चेक कन्स्ट्रेंट. पोस्टग्रेसमध्ये 'नम_नॉननल्स' या फंक्शनला तिन्ही कॉलम देऊन उत्तर १ यायला हवं इतकंच लिहायचं. रेल्स ६.१ पासून 'ॲड_चेक_कन्स्ट्रेंट' मायग्रेशनमध्ये आहेच.

चालू ॲपमध्ये हे बदलताना क्रम चुकवू नका. कॉलम आधी टाका, प्रत्येकाचा प्रकार त्या त्या पालकाच्या आयडीचा, इंडेक्सशिवाय. इंडेक्स वेगळ्या मायग्रेशनमध्ये, 'डिसेबल_डीडीएल_ट्रान्झॅक्शन!' लिहून 'कन्करंटली' (म्हणजे लिखाण न अडवता). अट 'नल नाही' अशी घातलीत तर इंडेक्स लहान राहतो. मग नवीन टिपा जुन्या आणि नव्या अशा दोन्ही कॉलमांत लिहायला 'बिफोर_सेव्ह' लावा, आणि 'इन्सर्ट_ऑल', 'अपडेट_ऑल' कुठे वापरलंय ते शोधा, कारण तिथे कॉलबॅक चालत नाहीत. जुना डेटा भरण्याआधी प्रत्येक प्रकारासाठी लेफ्ट जॉइन करून अनाथ टिपा मोजा आणि त्यांचं काय करायचं ते धंद्याच्या माणसांना विचारून ठरवा. हे टाळलं तर फॉरेन की शेवटी त्याच ओळींवर अडते. भरणं 'इन_बॅचेस'ने करा. मुळातली १००० ची तुकडी पुरते. फॉरेन की आधी 'व्हॅलिडेट: फॉल्स' देऊन टाका आणि पुढच्या मायग्रेशनमध्ये 'व्हॅलिडेट_फॉरेन_की' चालवा. एकाच फटक्यात टाकलीत तर पूर्ण टेबल तपासून होईपर्यंत दोन्ही टेबलांवरचं लिखाण अडून राहतं. चेकही तसाच दोन पायऱ्यांत. जुने दोन कॉलम काढताना आधी 'इग्नोर्ड_कॉलम्स'मध्ये घालून एक डिप्लॉय करा, मग काढा. नाहीतर चालू असलेल्या प्रोसेसना जुनीच कॉलमांची यादी आठवत असते आणि लिहिताना एरर येतात.

'नोट.नोटेबल' जागोजागी वापरलं असेल तर त्याच नावाची मेथड ठेवा, तिघांपैकी जो असेल तो परत करणारी. आणि यादीसाठी तीन नाती 'प्रीलोड' करा.

मायएसक्यूएलवर असाल तर चेक ८.०.१६ पासूनच खरोखर पाळला जातो. आधीच्या आवृत्त्या तो वाचून सोडून देत. पालक दहा-बारा झाले की कॉलमांची गर्दी होते. तिथे प्रत्येकासाठी वेगळं टिपांचं टेबल बरं. गिटलॅबच्या (कोड ठेवायचं रेल्समधलंच मोठं ॲप) विकासकांसाठीच्या मार्गदर्शिकेतही पॉलिमॉर्फिकऐवजी वेगळी टेबलंच सांगितली आहेत, त्यांच्या स्वतःच्या 'नोट्स' टेबलात 'नोटेबल_टाइप' असूनही. ऑडिट लॉगसारखं, पालक गेला तरी नोंद राहायलाच हवी असं काही असेल, तर तिथे पॉलिमॉर्फिकला माझा विरोध नाही. आयडीचे प्रकार मिसळलेले असून रचना बदलणं शक्यच नसेल, तर 'नोटेबल_आयडी' स्ट्रिंग करा. 'बिल.नोट्स' नीट चालेल, पण पोस्टग्रेसमध्ये जॉइन करताना दर वेळी प्रकार हाताने बदलावा लागेल.

आज बाकी काही केलं नाहीत तरी कन्सोल उघडून 'नोट'च्या 'कॉलम्स_हॅश'मधला 'नोटेबल_आयडी'चा प्रकार तिन्ही पालकांच्या 'आयडी'शी ताडून पाहा. ॲक्टिव्ह स्टोरेज (रेल्सचा फाइली जोडायचा भाग) वापरत असाल तर तिथल्या अटॅचमेंट्स टेबलातला 'रेकॉर्ड_आयडी'ही पाहा. तेही टेबल पॉलिमॉर्फिकच आहे आणि तो कॉलम बिगइंट असेल तर बिलांचे यूयूआयडी तिथेही असेच कापले जातात.