ओळंब्यात इमारत, तिरपा फोकस: टिल्ट-शिफ्टविषयी वाचकांचे प्रश्न

टिल्ट-शिफ्ट लेन्सविषयी आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. ही लेन्स सेन्सरसमोर वर-खाली किंवा बाजूला सरकवता येते (शिफ्ट) आणि तिरपी कलवताही येते (टिल्ट). वेगळं सांगितलं नसेल तिथे आकडे फुल-फ्रेम सेन्सरचे, म्हणजे ३६ × २४ मिमीचे समजावेत.

२४ मिमीची टिल्ट-शिफ्ट लेन्स घेतली. शिफ्ट पूर्ण १२ मिमी वर नेली तरी इमारतीच्या भिंती माथ्याकडे आत झुकतात. लेन्समध्ये दोष असेल का?

लेन्स ठीक आहे, कॅमेरा वर पाहतो आहे. भिंतींच्या रेषा सरळ राहतात त्या शिफ्टमुळे नाहीत, तर सेन्सर भिंतीला समांतर असल्यामुळे. शिफ्टचं काम फक्त चौकट वर सरकवण्याचं. कॅमेरा आधी वर उचलून मग शिफ्ट फिरवली, तर उचललेल्या कोनाची झुकण तशीच राहते.

म्हणून क्रम बदला. टिल्ट आणि शिफ्ट दोन्ही शून्यावर ठेवा. कॅमेरा ट्रायपॉडवर चढवून लेव्हल दोन्ही दिशांनी जुळवा. इमारतीचा माथा चौकटीबाहेर जाईल आणि खाली नुसता रस्ता दिसेल, तरी कॅमेऱ्याला हात लावू नका. आता शिफ्ट वर न्या, लॉक नॉब आवळा आणि लेव्हल पुन्हा तपासा. लेन्स सरकली की वजनाचा तोल बदलतो आणि ट्रायपॉडचं साधं बॉल हेड अर्धा अंश तरी मान टाकतं. दात्यांच्या चाकांनी फिरणारं गिअर्ड हेड इथे खरंच उपयोगी पडतं, कारण त्यात एक दिशा जुळवताना दुसरी बिघडत नाही.

माथा चौकटीत बसेल की नाही ते आधीच काढता येतं. उभ्या चौकटीत सेन्सरच्या मध्यापासून वरची कड १८ मिमीवर असते. शिफ्टचे १२ मिळवून ३० मिमी झाले. त्याला फोकल लेंग्थने भागा आणि अंतराने गुणा. २४ मिमी लेन्स आणि इमारत २० मीटरवर असेल, तर कॅमेऱ्याच्या उंचीच्या वर २५ मीटर मावतात. शिफ्टशिवाय मावले असते १५. याची किंमत खालच्या बाजूला मोजावी लागते: दीड मीटर उंचीवरच्या कॅमेऱ्याला शिफ्टशिवाय २ मीटरपासूनची जमीन दिसते, पूर्ण शिफ्टनंतर ती ६ मीटरपासून सुरू होते.

आणखी एक. फार जवळून टिपलेली उंच इमारत अगदी ओळंब्यात आणली, की माथा पायथ्यापेक्षा रुंद असल्याचा भास होतो. मोजमापाने चित्र बरोबर असतं, डोळ्याला मात्र पटत नाही. अशा वेळी कॅमेरा जाणूनबुजून एखादा अंश वर ठेवावा. मुळात मागे जायला जागा असेल तर मागे जाणंच उत्तम.

हेच काम सॉफ्टवेअर करतं. मग एवढी जड लेन्स बाळगायची कशाला?

पडद्यावर लहान आकारात दाखवायचं चित्र असेल तर बाळगू नका. मोठ्या प्रिंटमध्ये फरक दिसतो. मूळ चित्रात माथ्याची रुंदी पायथ्याच्या दोन-तृतीयांश दिसत असेल, तर सॉफ्टवेअर तिथले पिक्सेल दीडपट ताणतं. म्हणजे जाळ्या, नक्षी, अक्षरं असतात नेमक्या त्याच भागात बारकावा विरतो आणि वर दोन्ही बाजू छाटाव्या लागतात त्या वेगळ्याच.

तिसरा मार्ग फारसा कुणी वापरत नाही: १४ मिमीची साधी लेन्स लेव्हलमध्ये धरायची आणि खालचा भाग कापायचा. पर्स्पेक्टिव्ह अगदी शिफ्टसारखंच मिळतं, कारण ते जागेवर ठरतं, लेन्सवर नाही. पण २४ मिमीएवढी चौकट कापली तर सुमारे एक-तृतीयांश पिक्सेल उरतात. ४५ मेगापिक्सेलचे १५ झाले तरी चालणार असेल, तर हा मार्ग वाईट नाही.

शिफ्ट फिरवली की एक्स्पोजर बिघडतं, कधी उजळ तर कधी काळपट. असं का?

एसएलआरमध्ये, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यात, प्रकाश मोजणारा मीटर प्रिझमपाशी असतो आणि लेन्समधून सरळ येणारा प्रकाश गृहीत धरतो. लेन्स सरकली किंवा कलली की प्रकाश तिरपा येतो आणि मीटर चुकतो. दोन्ही शून्यावर असताना मॅन्युअलमध्ये एक्स्पोजर ठरवा, मगच लेन्स हलवा. मिररलेसमध्ये मोजणी सेन्सरवरच होत असल्याने ही चूक होत नाही. तरी पूर्ण शिफ्टला कडेचा प्रकाश उतरतोच, तेव्हा हिस्टोग्राम (उजेड-अंधाराचा आलेख) पाहून अर्धा स्टॉप वाढवायची तयारी ठेवा. कोपरे मऊ येत असतील तर ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र, लहान करून एफ/८ ते एफ/११ वर या.

पायाशी फुलं आणि मागे डोंगर, दोन्ही धारदार हवेत. २४ मिमीला टिल्ट पूर्ण ८.५ अंश दिली तर सगळंच धूसर झालं.

टिल्ट शिकताना बहुतेकांचं इथेच अडतं. टिल्ट जास्त म्हणजे शार्पनेस जास्त, असं वाटतं. वाइड लेन्सला उभ्या माणसाच्या उंचीवरून लागते जेमतेम एक अंश.

साध्या लेन्सचं फोकसचं प्रतल, म्हणजे ज्या सपाटीवरचं सगळं धारदार येतं ती, सेन्सरला समांतर, भिंतीसारखं उभं असतं. लेन्स पुढे खाली कलवली की ते आडवं व्हायला लागतं. सेन्सर, लेन्स आणि फोकस यांची प्रतलं एकाच रेषेत मिळतात हा नियम ऑस्ट्रियन लष्करी अधिकारी थिओडोर शाइमफ्लुग यांच्या नावाने ओळखला जातो. त्यांचं पेटंट १९०४ सालचं. मैदानात मात्र दुसरा नियम जास्त कामाचा आहे. फोकसचं प्रतल लेन्सच्या थेट खाली एका ठरावीक अंतरावर बिजागरी असल्यासारखं फिरतं. ते अंतर म्हणजे फोकल लेंग्थ भागिले टिल्टच्या कोनाचं साइन. बिजागरी कुठे बसेल ते टिल्ट ठरवते. फोकस रिंग त्या बिजागरीवरचं दार वर-खाली फिरवते.

आता आकडे पाहा. २४ मिमीला १ अंश टिल्ट दिली की बिजागरी १.३७ मीटर खाली जाते, २ अंशांना ६९ सेंटिमीटर. तुमच्या ८.५ अंशांना ती अवघी १६ सेंटिमीटर खाली होती. कॅमेरा दीड मीटर उंच असेल तर फोकसचं प्रतल जमिनीच्या सव्वा मीटरहून अधिक वर, हवेत तरंगत होतं. फुलं त्याच्या खाली राहिली आणि डोंगराची जेमतेम एक पट्टी त्यात आली. बिजागरी नेमकी जमिनीवर यायला हवे होते ०.९ अंश. लेन्सवरच्या टिल्टच्या खुणांवर एक अंशाच्या आत अंदाजानेच जावं लागतं, म्हणून शेवटचा निर्णय डोळ्याने घ्यायचा:

१. लाइव्ह व्ह्यू सुरू करा, ॲपर्चर पूर्ण उघडा, चित्र १० पट मोठं करा.
२. टिल्ट शून्यावर असताना डोंगरावर फोकस करा.
३. कॅमेरा न हलवता, मोठं करून पाहायची चौकट पायाशी आणा. टिल्ट हळूहळू वाढवत फुलं धारदार करा.
४. पुन्हा डोंगर पाहा. तो आता किंचित बिघडलेला असेल. तो रिंगने दुरुस्त करा.
५. पुन्हा फुलं टिल्टने. तीन-चार फेऱ्यांत दोन्ही जुळतात.

लांबचं रिंगने, जवळचं टिल्टने, हा क्रम उलटा केला तर फेऱ्या संपतच नाहीत. डोंगराचा माथा स्पष्ट पण पायथा धूसर दिसत असेल, तर दार जास्त उचललं गेलं आहे. रिंग अनंताकडे न्या.

ॲपर्चर मात्र अजूनही लागतं, कारण टिल्टमध्ये डेप्थ ऑफ फील्डचा, म्हणजे धारदार दिसणाऱ्या पट्ट्याचा, आकार पाचरीसारखा होतो: बिजागरीपाशी शून्य, पुढे रुंद. २४ मिमी, एफ/८ आणि जमिनीवरचं प्रतल धरलं, तर एक मीटरवर जमिनीपासून सुमारे ६० सेंटिमीटर उंचीपर्यंत चालतं आणि १२ मीटरवर साडेसात मीटरपर्यंत. कॅमेऱ्याची तीच दीड मीटर उंची, तेच एफ/८, पण लेन्स ९० मिमी असेल तर पाच मीटरवर मिळतात जेमतेम २२ सेंटिमीटर. मोठी प्रिंट काढायची असल्यास हे सगळे आकडे निम्मे धरा.

पाचरीचा खालचा अर्धा भाग जमिनीत वाया जातो. म्हणून लांबचा फोकस डोंगराच्या पायथ्यावर न ठेवता मध्यावर ठेवावा. जवळच झाडाचा उभा बुंधा असेल तर टिल्ट विसरा. बुंध्याचा पाय धारदार आणि फांद्या पुसट, असं चित्र येईल. तिथे टिल्ट शून्य आणि एफ/११ हेच बरं.

९० मिमीने टेबलावर सपाट ठेवलेलं घड्याळ टिपतो. पूर्ण टिल्ट देऊनही सगळी तबकडी फोकसमध्ये येत नाही.

जवळच्या कामात उलटी अडचण असते, टिल्ट कमी पडते. कॅमेरा ४५ अंश खाली बघत असेल आणि घड्याळ ५० सेंटिमीटरवर असेल, तर बिजागरीही ५० सेंटिमीटरवर हवी. त्याला १०.४ अंश लागतात. कॅननच्या जुन्या ९० मिमीची टिल्ट ८ अंशांवरच संपते. कॅमेरा वर उचलून ६० अंश खाली बघू द्या. तेवढ्याच अंतरावरून आता ६ अंश पुरतात. कोन बदलायचा नसेल तर मिळेल तेवढी टिल्ट द्या आणि उरलेलं एफ/११ ने भरून काढा.

इथे एक फसगत नेहमी होते. कॅननच्या जुन्या टीएस-ई, म्हणजे टिल्ट-शिफ्ट, लेन्समध्ये टिल्ट आणि शिफ्ट एकमेकांना काटकोनात बसवलेल्या येतात: टिल्ट खाली दिली की शिफ्ट आडवी. २००९ साली आलेल्या टीएस-ई १७ मिमी आणि २४ मिमीच्या दुसऱ्या आवृत्तीत दोन्ही स्वतंत्र फिरवता येतात, नुसत्या हाताने. लेन्स खाली रोखलेली असताना लॉक न आवळता हात सोडला, तर शिफ्ट वजनाने घसरते.

शिफ्टने तीन चित्रं जोडून रुंद चित्र करतो. लांबचं नीट जुळतं, जवळचं कुंपण तुटतं.

कॅमेरा जागेवर राहतो आणि लेन्स सरकते, म्हणून पॅरलॅक्स येतो, म्हणजे जवळची वस्तू लांबच्या तुलनेत सरकलेली दिसते. डावीकडून उजवीकडे लेन्स २४ मिमी हलते. २४ मिमीची लेन्स धरली तर ६० सेंटिमीटरवरची वस्तू त्यामुळे लांबच्या पार्श्वभूमीच्या तुलनेत सेन्सरवर जवळजवळ १ मिमी सरकते, म्हणजे ८००० पिक्सेल रुंदीच्या चित्रात दोनशेहून अधिक पिक्सेल. कुंपण तुटणारच. कॅमेरा मॅक्रो रेलवर, म्हणजे मिलिमीटरने सरकणाऱ्या पट्टीवर, बसवा आणि रेल आडवी ठेवा. लेन्स उजवीकडे १२ गेली की कॅमेरा डावीकडे १२ मिमी सरकवा. लेन्स जागच्या जागी राहते आणि मागचा सेन्सर तेवढा हलतो.

आडव्या चौकटीत दोन टोकांची चित्रं एक-तृतीयांश एकमेकांवर येतात, त्यामुळे दोनही पुरतात. उभ्या चौकटीत टोकांची चित्रं फक्त कडेला कड लागतात. तिथे मधलं चित्र गाळलं तर जोडायला काहीच उरत नाही.

आरसा समोरून टिपायचा आहे, पण कॅमेरा त्यात दिसतो.

सेन्सर आरशाला समांतर ठेवून बाजूला उभे राहा आणि शिफ्टने आरसा चौकटीच्या मध्यात आणा. २४ मिमी आणि १२ मिमी शिफ्ट असेल तर २ मीटरवरून तुम्ही १ मीटर बाजूला उभे राहू शकता. ५० मिमीने फक्त ४८ सेंटिमीटर. जाड फ्रेमची एक आतली कड मात्र जास्त दिसेल आणि जाणकार तेवढ्यावरून ओळखतील.

एपीएस-सी मिररलेसवर जुन्या फुल-फ्रेम एसएलआर लेन्सला शिफ्ट अडॅप्टर लावून शिकता येईल का?

येईल, आणि सुरुवातीला ते शहाणपणाचं आहे. फुल-फ्रेम लेन्सचं इमेज सर्कल, म्हणजे तिने पाडलेल्या गोल प्रतिमेचा व्यास, निदान ४३ मिमी असतं. एपीएस-सी सेन्सर फुल-फ्रेमपेक्षा लहान असतो, त्यामुळे त्याची आडवी चौकट त्यात उभ्या दिशेने सुमारे १० मिमी आणि आडव्या दिशेने ८ मिमी सरकू शकते. फुल-फ्रेम मिररलेसवर मात्र याच लेन्सला सरकायला जागाच नसते. तिथे मीडियम फॉरमॅटची, म्हणजे फुल-फ्रेमहून मोठ्या कॅमेऱ्याची, लेन्स लागते. ॲपर्चरची रिंग लेन्सवरच असलेली निवडा, कारण असे अडॅप्टर बहुधा विजेचा संपर्क देत नाहीत आणि रिंग नसलेल्या लेन्सचं ॲपर्चर कॅमेऱ्यातून बदलता येत नाही.