डेटा सेंटर थंड ठेवायला लागणारी वीज आणि पाणी कमी कसं करता येईल?

आधी एसीचं तापमान वाढवा, खरंच. सर्व्हरला फ्रिजसारखी थंडी लागतच नाही, अ‍ॅश्रे या एसी-कूलिंगच्या इंजिनिअरांच्या अमेरिकन संस्थेच्या शिफारशीप्रमाणे आत जाणारी हवा 27 अंशांपर्यंत चालते, तरी लोक उगाच 18-19 वर ठेवून वीज जाळतात. मग रॅकमधल्या, म्हणजे सर्व्हर ठेवायच्या कपाटांमधल्या, रिकाम्या जागा बघा, तिथून मागची गरम हवा फिरून पुढे येते आणि सर्व्हर तीच परत ओढतो, त्या जागा झाकणारी साधी ब्लँकिंग पॅनल लावली तरी फरक हाताला जाणवतो. एआयची जड गणितं करणाऱ्या जीपीयू चिपच्या रॅकना मात्र हवा पुरत नाही, चिपला चिकटलेल्या प्लेटमधून पाणी फिरवावं लागतं. आणि पाण्याची वाफ करून उष्णता बाहेर टाकणारे कूलिंग टॉवर वीज वाचवतात पण पाणी पितात, म्हणून मला फिनलंडमधल्या हामिनाचं डेटा सेंटर फार आवडतं, तिथे गूगल 2011 पासून थंड करायला समुद्राचं पाणी वापरतंय, पिण्याच्या पाण्यावर ताण नाही.