परदेशात लहान मुलांसह घर स्वच्छ कसं ठेवता, असं विचारलंस म्हणून

चार महिन्यांनी निघतोय, मुलगा चार वर्षांचा, मुलगी दीड वर्षाची, मदतीला कुणी नसणार, तर ताई, घर स्वच्छ कसं ठेवता? एवढंच विचारलं होतंस. दोन ओळींत उत्तर देणार होते. पण रात्री झोप लागेना, म्हणून उठून हे लिहितेय.

व्हिसा, विमा, शाळाप्रवेश यावर काही सांगत नाही. ते सरकारी संकेतस्थळांवर नीट मिळतं.

आम्ही आलो ते ऐन थंडीत. मुलांना गारठा बाधू नये म्हणून मी खिडक्या घट्ट लावून घेतल्या. कपडे धुवायचं मशीन होतं, पण वाळत घालायला जागा नव्हती, म्हणून स्टँड मुलांच्या खोलीत उभा केला. रोज एक घाणा. एवढ्या ओल्या कपड्यांतून दीड-दोन लिटर पाणी घरातल्या हवेत जातं आणि घरात जी जागा सगळ्यात गार असेल तिथे जाऊन बसतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आमच्याकडे ती जागा म्हणजे बाहेरच्या बाजूची भिंत, आणि तिला चिकटून मुलीचं कपाट. मी दिवसातून दोनदा जमीन पुसत होते, खेळणी धूत होते, आणि कपाटामागे काळी बुरशी पसरत होती.

ते मला कळलं बालवाडीतून. मुलीच्या दप्तरात चिठ्ठी आली : कपड्यांना कुबट वास येतो, स्वच्छतेकडे लक्ष द्यावं. मी शब्दकोश घेऊन ती तीनदा वाचली, वाटलं आपल्याच समजण्यात चूक होतेय. लिहिणाऱ्या बाई रोज दारात भेटायच्या, हसायच्या. तोंडाने एक शब्द बोलल्या असत्या तर मी कपाट त्याच दिवशी सरकवून बघितलं असतं. या गोष्टीला सहा वर्षं झाली. मुलगी ती बालवाडी विसरूनही गेली. मला ती चिठ्ठी अजून तोंडपाठ आहे.

त्यानंतर मी घर घासायला घेतलं ते थांबलेच नाही. एके दुपारी बाथरूमच्या टाइल्सवर ब्लीच ओतलं. डाग पूर्ण जाईना म्हणून त्यावरच क्षार काढायचं आम्लाचं औषध मारलं. मुलं आत येऊ नयेत म्हणून दार लावलेलं. मिनिटभरात डोळे झोंबायला लागले, घसा आवळला, खोकला थांबेना. ब्लीचमध्ये आम्ल मिसळलं की क्लोरीन वायू सुटतो. बाटलीवर तसं छापलेलं होतं, पण मला न येणाऱ्या भाषेत. बाहेर धाकटा दारावर थापा मारत होता, त्याला आत यायचं होतं. श्वास रोखून दार उघडलं, त्याला उचललं, मुलीचा हात धरला आणि तशीच अनवाणी जिन्याने खाली गेले. तिघंही बरे राहिलो. पण त्या थापा अजून ऐकू येतात गं.

म्हणून कळकळीने सांगते. तिकडे पोचल्यावर प्रत्येक बाटलीचं लेबल फोनने भाषांतर करून वाच. दोन औषधं कधीच एकत्र करू नकोस, आणि सगळी कुलपात ठेव. कपड्यांच्या साबणाच्या रंगीत गोळ्या तर खास करून, लहान मुलांना त्या खाऊ वाटतात. पसारा आवरताना आधी जमिनीवरचे बटन सेल, म्हणजे त्या छोट्या चपट्या गोल बॅटऱ्या, शोध. गिळलेला सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतसुद्धा आतून भाजतं. बाकी खेळणी रात्रभर पसरलेली राहिली तरी काही बिघडत नाही.

ओल मात्र अंगावर काढू नकोस. कितीही थंडी असो, दिवसातून दोन-तीनदा समोरासमोरच्या खिडक्या पाच-दहा मिनिटं सताड उघड. घर तेवढ्याने गार पडत नाही, दमट हवा निघून जाते. आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र घे. आकडा सतत ६० टक्क्यांच्या वर राहिला तर बुरशी धरायची भीती. कपाट भिंतीपासून चार बोटं लांब ठेव. अंथरुणं ६० अंशांच्या पाण्यात धू, म्हणजे धुळीतले किडे मरतात. लाकडी जमिनीवर मात्र पाणी ओतू नकोस, फळ्या फुगतात. घट्ट पिळलेलं फडकं पुरे. चपला-बूट दारातच. आणि निम्मी खेळणी खोक्यात भरून वर ठेव, पंधरवड्याने अदलाबदल कर. मुलांना जुनंच नव्याने सापडतं, तुझं आवरणं अर्ध्यावर येतं. तुझा मुलगा मोज्यांच्या जोड्या लावू शकेल, मुलगी ठोकळे टोपलीत टाकू शकेल. ते करताना तू हातात घड्याळ घेऊन उभी राहू नकोस. मी राहायचे.

घर ताब्यात घेताना प्रत्येक भिंतीचे तारखेसकट फोटो काढ आणि डागांची यादी घरमालकाच्या सहीने घे. त्या भिंतीवर पिवळट डाग आम्ही आलो तेव्हापासून होता. घर सोडताना तोच आमच्या नावावर लागला. सात महिने पत्रव्यवहार झाला. दरवेळी नवा फॉर्म, दरवेळी तोच प्रश्न, तुमच्याकडे पुरावा काय? अनामत निम्मीच परत मिळाली.

एकटेपणाचं विचारलं नाहीस, तरी सांगते. आईला व्हिडिओ कॉल लावताना मी फोन कायम एकाच कोपऱ्याकडे धरायचे. तेवढा कोपरा मी रोज सकाळी आवरून ठेवायचे. दोन वर्षं आईने माझ्या घरातला तेवढाच कोपरा बघितला आणि म्हणायची, छान ठेवलंयस हो. कॉल संपला की मी त्याच कोपऱ्यात बसून रडायचे. तिला फोन फिरवून सगळं घर दाखवलं असतं तर कदाचित ती रागावली असती, कदाचित कसं आवरायचं ते सांगत बसली असती. काहीही चाललं असतं.

मुलगी आता दहा वर्षांची आहे. रंगाची पेटी उघडण्याआधी ती आपणहून खाली जुना टॉवेल पसरते, चारही कोपरे ओढून सारखे करते आणि माझ्याकडे बघते. मी मान हलवल्यावरच झाकण उघडते. आता मान हलवायच्या आधीच मी म्हणते, अगं सांडू दे. तरी ती बघतेच.

घर बघायला जाशील तेव्हा मुलांच्या खोलीतली बाहेरची भिंत तळहाताने चाचपून बघ, खाली कोपऱ्यात, कपाट असेल तर त्याच्या मागे हात घालून. ओलसर लागली तर ते घर घेऊ नकोस, भाडं कितीही कमी असो. आणि निघण्याआधी एकदा फोन कर. रात्री उशिरा केलास तरी चालेल.